शंभर वॅटची माणसं

कर्णिक काका माणसं वॅटमध्ये मोजत. पहिल्या भेटीत त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "बस. तू दीडशेचा दिसतोस."

मी ऑकलंडमध्ये घरोघरी खोली तापवणारे हीट पंप बसवतो. लोक मला दारात "बूट काढा" म्हणतात. माझं असं माप कुणी काढलं नव्हतं.

"नुसता बसलेला माणूस शंभर वॅट ऊब देतो," काकांनी खुलासा केला. "बडबड्या दीडशे. तुझं तोंड तर फाटकापासूनच सुरू होतं."

काका गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. अजूनही कुणाच्या घरी चार माणसं जमली की मी मनातल्या मनात बेरीज करतो.

हिल्सबरो उपनगराच्या उतारावर त्यांच्या मुलाचं, समीरचं घर होतं. पुढून बघितलं तर एकमजली, मागून दुमजली. खालचं तळघर अर्धं जमिनीत. गालिचा, न्हाणीघर, मागच्या हिरवळीवर उघडणारं दार, अशी त्याची समीरनं छान खोली करून घेतली होती. मालतीकाकूंना पक्षाघात झाला, जिना चढणं संपलं, म्हणून दोघं तिथं राहायला आली. काकूंची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. ऐकू मात्र सगळं येई. मुलगा-सून सकाळी कामावर जात, ती अंधार पडल्यावर परतत. मंचरला ज्या बाईच्या ओट्यावर रोज दुपारी अर्धी आळी गप्पांना जमे, ती इथं दिवसभर छताकडे बघत पडून असे.

काकांनी मंचरला बटाट्याचं कोल्ड स्टोरेज सांभाळलेलं. तळघर त्यांनी तसंच ताब्यात घेतलं. पडदे जमिनीला टेकलेले. काकूंच्या जुन्या साड्यांत चिंध्या भरून शिवलेले लांब साप दाराच्या फटीशी आडवे. पण सकाळी दहा मिनिटं, कितीही गारठा असो, खिडक्या सताड उघडायच्या. "आधी ओल बाहेर, मग ऊब आत. ओली हवा तापवणं म्हणजे भिजलेली गादी तापवणं!"

इतकं करूनही दर शनिवारी दुपारी माझा फोन वाजे. "अरे, तुझं यंत्र पुन्हा थंड पडलंय. येताना बायकोला आण. दोनशे वॅट कमी पडताहेत."

माझ्या हातानं बसवलेलं यंत्र, आणि थंड? मी धावत जाई. काकू रजईत, पायाशी गरम पाण्याची पिशवी. मी फिल्टर धुई, झाकण उघडी, पुन्हा लावी. तोवर चहा येई. मग मेंढीकोटचा डाव. शेजारचा रॉन येई, भर जुलैच्या हिवाळ्यात हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. "याचा बॉयलर आतच बसवलाय," काका म्हणत. रॉन काकूंना "किया ओरा, मालती" असा माओरी नमस्कार करून त्यांच्याशी आपल्या गुडघ्याविषयी भरपूर बोले. त्यानं हुकूम मारला की काकूंची डावी बोटं रजईवर टकटक वाजत. खोलीत आरडाओरडा, हसणं, माझ्या बायकोचं रॉनशी भांडण. डाव मोडला की काका रिमोट दाबत आणि यंत्र सुरू होई.

"बघ, तुझ्या हाताला यश आहे!"

मी फुशारून घरी जाई.

"आयुष्यभर मी माणसांना बाहेर काढलं," एकदा पत्ते पिसताना काका म्हणाले. "हमाल आत रेंगाळले की गारवा पळायचा. 'चला, निघा, दार लावा!' एवढंच ओरडत आलो. आता 'या, बसा' म्हणायला शिकतोय." बोलताना त्यांच्या कोटाच्या खिशात काहीतरी किणकिणलं.

चौथ्या की पाचव्या शनिवारी काका चहा आणायला वर गेले असताना मी रिमोट उचलला. वजनावरूनच कळलं, आत बॅटऱ्या नाहीत. मी मान वर केली. काकू माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी डावा हात सावकाश उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.

मी रिमोट जागेवर ठेवला. काका आल्यावर गंभीर चेहरा करून म्हणालो, "काका, दुखणं जुनाट आहे. दर शनिवारी यावं लागेल." मी बरी नाटकं करतो. काकूंच्या अर्ध्या ओठावर हसू उमटलं.

ऑगस्टमध्ये काकू गेल्या. फोन बंद झाले. दोन शनिवार मी वाट पाहिली, तिसऱ्या शनिवारी न बोलावता गेलो. यंत्र चालू होतं. खोली इतकी उबदार की मी स्वेटर काढला. काका मात्र कोट घालून, रिकाम्या पलंगाकडे तोंड करून बसले होते.

"उत्तम चाललंय तुझं यंत्र," ते म्हणाले. "काही तक्रार नाही."

माझ्या कामाचं इतकं जीवघेणं कौतुक कुणी केलेलं नाही. मी रिमोट घेतला, यंत्र बंद केलं, बॅटऱ्या काढून खिशात टाकल्या.

"काका, हे पुन्हा बंद पडलंय."

त्यांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. "तुला ठाऊक होतं?"

"काकूंनी सांगितलं."

"ती कुठं बोलत होती?"

मी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. काकांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तिलाही कळलं होतं? अरे, मग... तासन् तास बंद ठेवायचो मी. तिला थंडी वाजत होती का रे?"

"थंडी वाजत असती तर त्यांनी मला गप्प केलं असतं का, काका?"

त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. दाराशी आडव्या पडलेल्या हिरव्या साडीच्या सापाकडे बघत राहिले. मग उठले आणि खणातून पत्ते काढले.

"रॉनला हाक मार," ते म्हणाले. "आणि येताना दार नीट लाव."