सरांच्या शब्दांमधल्या काकू

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, रबराच्या वासात, शब्दवाले सर मुलांना इंग्रजीतले जड शब्द शिकवायचे. मोठमोठ्या प्रवेशपरीक्षांना बसणारी मुलं ती. शब्दांची जाडजूड पुस्तकं घोकून घोकून जेरीला आलेली असायची आणि मग कुणीतरी त्यांना सरांचा जिना दाखवायचं. जिना चढला की पोरगं सुटलं, अशी सरांची ख्याती होती, आणि ती काही उगाच नव्हती.

सरांची पद्धत त्यांची स्वतःची होती. शब्द पाठ करायचाच नाही, तो एका माणसाच्या गळ्यात घालायचा. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, हे सांगून सर थांबत नसत. आपल्या मामांनी भांडखोर शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या कशा मांडल्या, ते हातवारे करून सांगत. झालं, मुलांना जन्मभर मॅग्नॅनिमस म्हटलं की मामा आणि खुर्च्या दिसणार. पण मामा वर्षाकाठी एकदा भेटणार, आणि शब्द तर रोज लागायचे. रोज हाताशी असणारं माणूस एकच. 'आता आमच्या घरचंच उदाहरण घ्या,' असं सरांनी म्हटलं की मुलं पेनं खाली ठेवून सरसावून बसायची, कारण आता काकू येणार हे त्यांना ठाऊक असायचं.

या काकू, म्हणजे सरांची बायको, रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नमुने घ्यायच्या. त्यांचा हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी माणूस 'कधी टोचणार' म्हणून विचारायचा. लॅबची नवी शाखा लांबच्या एका शहरात उघडणार होती आणि ती सांभाळायला काकूंना विचारलं होतं. जायचं तर तिकडेच राहायचं, आणि शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं. सरांनी 'तुझं काय म्हणणं?' असं विचारलं, तर त्या 'बघते' म्हणाल्या आणि ताटं घ्यायला उठल्या. तेव्हापासून सरांचा जीव टांगणीला लागला होता. या बाईशिवाय आपल्याला गॅसची शेगडीही धड पेटवता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि त्यातच हे नवीन सुरू झालं.

"अहो, पार्सिमोनियस म्हणजे काय?" एका रात्री जेवताना काकूंनी विचारलं.

सरांचा घास हातातच राहिला. "हात आखडता घेणारा. चिक्कू. का गं?"

"काही नाही. भाजी वाढू?"

दुसऱ्या दिवशी ऑब्स्टिनेट आला. हट्टी, सरांनी सांगितलं. मग टॅसिटर्न, म्हणजे घुम्या, तोंडातून शब्द न काढणारा. मग क्वेर्युलस, म्हणजे सतत कुरकुर करणारा. काकू मान हलवायच्या आणि भांडी आवरायला लागायच्या. सर आधी खूशच झाले. बायको या वयात इंग्रजी शिकतेय, तीही नवऱ्याचाच विषय. मग त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. ही नव्या शाखेच्या मुलाखतीची तयारी तर करत नसेल? म्हणजे जायचं ठरलंच की काय? पण लॅबच्या मुलाखतीत क्वेर्युलस कोण विचारतं? रक्त देणाऱ्याला काय, तुम्ही कुरकुरे आहात का असं विचारायचं असतं? सरांना काही केल्या टोटल लागेना. साडूला फोन केला, तर तो म्हणाला, बायका काहीही विचारतात, तुम्ही उत्तर देऊन मोकळे व्हा.

गुरुवारी फळ्यावर नेमका क्वेर्युलस लिहायची वेळ आली. नवी तुकडी होती, जुनी तीनचार मुलं उजळणीला बसली होती. सर सवयीने वळले. "आता आमच्या घरचंच उदाहरण घ्या," असं म्हणाले आणि तिथेच थांबले. मागच्या बाकावरून एका जुन्या मुलाने पुढचं वाक्य हसत हसत पुरं केलं, "पंखा आणि काकू, दोघांचीही कुरकुर एकदमच सुरू होते."

वर्ग खदखदून हसला. सर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. पार्सिमोनियस, टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरणाऱ्या काकू. ऑब्स्टिनेट, कुकरची रिंग बदलून मिळेपर्यंत दुकानाच्या पायरीवरून न हललेल्या काकू. टॅसिटर्न, पाहुणे आले की मुकाट स्वयंपाकघरात जाणाऱ्या काकू. ताटावर आलेला एकूण एक शब्द सरांनी याच खोलीत वाढलेला होता. त्यांनी तास अर्ध्यावर सोडला आणि तडक लॅब गाठली.

लॅबमध्ये गर्दी ओसरली होती. काकू कापसाचे बोळे करून डब्यात भरत होत्या. सर रक्त देणाऱ्यांच्या खुर्चीवर बसले, दुसरी खुर्चीच नव्हती.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मुलांनी. एक मुलगी आली होती रक्त द्यायला. तुम्ही मला न्यायला येता ना, तेव्हा तिने पाहिलं होतं. म्हणाली, पार्सिमोनियस काकू ना तुम्ही? फार गोड मुलगी. मला वाटलं, काहीतरी चांगलंच म्हणतेय, मी थँक्यू म्हटलं." काकू बोळे करतच होत्या. "मग दुसरी आली, मग एक मुलगा आला. प्रत्येकाकडे माझं एकेक नाव."

"अगं, ते लक्षात राहावं म्हणून. मनात काही नसतं माझ्या."

"तुमचं काम गेलं होतं, क्लास मिळायच्या आधी, तेव्हापासून मी ट्यूब चिरते. मी दोन दोन पाळ्या करत होते. ते सांगितलंत का मुलांना?"

सर खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उकरू लागले.

"मला चिडायचं नाहीये. एवढंच सांगा, चांगले शब्द कुणाला दिलेत?"

सर आठवू लागले. मॅग्नॅनिमस मामांना गेला होता. ग्रिगेरियस, माणसांत रमणारा, तो कॉलेजातल्या मित्राला. रेझिलियंट, म्हणजे कोसळूनही पुन्हा उभा राहणारा, तो क्लासच्या मालकाच्या आईला, कारण त्या दिवशी मालक वर्गात येऊन बसला होता. सरांनी सगळी शोधाशोध केली. काकूंसाठी ठेवलेला एकही चांगला शब्द सापडेना, आणि हे असं कसं झालं तेही कळेना. या बाईवर त्यांचा जीव होता. मग वर्गात ही दुसरीच बाई कोण उभी केली होती त्यांनी?

"मी उद्या सांगतो त्यांना," ते म्हणाले. "सगळं बदलून सांगतो."

"सांगा," काकू म्हणाल्या. "मला परवा उत्तर द्यायचंय."

शुक्रवारी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत रेझिलियंट लिहिलं आणि ठरवून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं. "आता आमच्या घरचंच उदाहरण घ्या. रेझिलियंट म्हणजे तुमच्या काकू."

वर्ग असा काही फुटला की खालच्या दुकानातला माणूस वर डोकावून गेला. सर आज उलट्या अर्थाचं उदाहरण देतायत, असंच मुलांना वाटलं. सरांनी दोन पाळ्यांचं सांगितलं, आपलं काम गेल्याचं सांगितलं, आवाज जड झाला. मुलं आणखी हसली. सर असा रडका आवाज काढूनच गंमत करायचे, हे मुलांना पाठ होतं. "हसू नका, खरं सांगतोय," सर म्हणाले. हे वाक्यही त्यांच्या नेहमीच्या गंमतीतलंच होतं. उजळणीला बसलेली मुलगी डोळे पुसत म्हणाली, "सर, आता हा शब्द मी मेले तरी विसरणार नाही."

घरी काकू दारातच भेटल्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

खोटं बोलावं असं सरांना फार वाटलं. "हसले," ते म्हणाले. "सगळे हसले. मला काही कळलंच नाही गं. खरं सांगत होतो तरी हसले."

काकूंनी सरांच्या खांद्यावरची खडूची पूड हाताने झटकली. "हसणारच. एवढी वर्षं शिकवलंयत तुम्ही. चांगलं शिकवता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. काकूंनी फोन उचलला, शनिवारची वाटही न पाहता लॅबच्या मोठ्या साहेबांना लावला आणि आपण नवी शाखा सांभाळायला येतो म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "तिथे मला कुणी ओळखत नाही. बरं वाटेल थोडे दिवस." मग त्या आत गेल्या आणि तिथूनच त्यांनी सरांना हाक मारली, "या इकडे, शेगडी कशी पेटवायची ते दाखवते."