नानांसाठी थांबलेली पंगत

नाना आज पहाटे गेले. कॅन्सरने नाही.

हे आधी लिहितो, कारण सकाळपासून फोनवर जो तो तेच विचारतोय. "पुन्हा उलटला का?"

नाही हो. म्हातारपणाने गेले. झोपेत.

कॅन्सर झाला तेव्हा मी शाळेत होतो.

असोद्याच्या स्मशानातून आल्यापासून नुसता आत-बाहेर करतोय. देवापाशी बसलो, माळ घेतली, चार मणी ओढले, उठलो. म्हणून लिहायला बसलोय.

नाना म्हणजे माझे काका. वडिलांचे धाकटे भाऊ. केळीचा मळा, आणि गालात कायम तंबाखू.

त्याच गालात गाठ निघाली. मुंबईला नेलं. डावा जबडा काढला. त्या ऑपरेशनला तिथले डॉक्टर कमांडो म्हणायचे. नाना सांगायचे, "मिलिट्रीत नही गेलो, तरी कमांडो झालो."

पण त्यांचं बोलणं फक्त काकूला कळायचं. ती आम्हाला सांगायची, मग आम्ही हसायचो.

उशिरा.

माणूस जिवंत घरी आला, याचाच सगळ्यांना आनंद. आता हा जेवणार कसा, ते कोणी सांगितलं नव्हतं.

रेडिएशनचे शेक दिल्यामुळे तोंड कोरडं. घासागणिक पाणी. घास एका बाजूने बाहेर यायचा. बट्टी वरणात कुस्करून दिली तरी एक वाटी संपायला तास लागायचा.

नाना आतल्या खोलीत जेवायला लागले. दार लोटून.

आमच्या पंगतीची रीत अशी, की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. त्यामुळे नानांनी पंगतीला जाणंच सोडलं. "माह्या एकट्यापायी लोकं बसून राहतीन," म्हणायचे.

अशात ताईचं लग्न ठरलं. नानांची एकुलती मुलगी. सोयरे धुळ्याकडचे, नरडाण्याचे, अहिराणी बोलणारे.

मुलीच्या बापाने व्याह्यांसोबत पंगतीला बसायचं असतं. नानांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं, "भाऊ, माह्या जागी तुम्ही बसा."

ताई हळदीच्या अंगाने त्या लोटलेल्या दाराशी गेली. "नाना, एक दिवस तरी बाहेर बसा. मी उद्या चालली."

दार लोटलेलंच राहिलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक वाटेत पंक्चर झाला. सगळंच लांबलं. व्याह्यांची पंगत बसायला दिवस कलला.

तेवढ्यात धुळ्याचे शेठ आले. कापडाचे मारवाडी व्यापारी, जैन. मुंबईला नानांच्या शेजारच्या खाटेवर होते. त्यांचाही जबडा काढलेला, उजवा. हे दोघं बोलायला लागले की आम्हाला काही कळायचं नाही. त्यांना एकमेकांचं सगळं कळायचं.

शेठ सरळ व्याह्यांच्या शेजारी जाऊन बसले. तोंडावरचा रुमाल काढला, घडी करून मांडीवर ठेवला.

लोक बघायला लागले. शेठ बघू देत होते.

पानं वाढली. शेठ पानाला हात लावेनात. आणि लांबून आलेला पाहुणा जेवेना, तर बाकीच्यांनी घास कसा घ्यायचा?

वडील म्हणाले, "शेठजी, करा सुरुवात."

शेठ काहीतरी बोलले. कोणालाच समजलं नाही. काकू दारातून म्हणाली, "नाना कुठे, असं इचारतात."

"तो आत जेवतोय," वडील म्हणाले.

शेठ पुन्हा बोलले. काकूने पुन्हा सांगितलं. "ते म्हनतात, मी बसतो असाच. दिवस बुडाला की मी पानीबी घेत नही."

उन्हं मांडवाच्या शेंड्यावर गेली होती. जैन माणूस सूर्यास्तानंतर जेवत नाही, हे सगळ्यांना माहीत. मुलीच्या लग्नातून पाहुणा उपाशी जाणार! वडील घामाघूम. कोणीतरी पुटपुटलं, "शेठ उपाशी आन आपनबी उपाशी."

काकू आत गेली. तिचं बोलणं मांडवात ऐकू आलं.

"तुम्ही लाजता म्हनून तो मानूस माह्या दारातून उपाशी जाईन!"

नाना आले.

हातात त्यांची वाटी, खांद्यावर पंचा. कोणाकडे न बघता शेठच्या बाजूला बसले. शेठनी बट्टी कुस्करली आणि पहिला घास घेतला. वरण हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. त्यांनी पुसलं नाही.

मग नानांनी घास घेतला.

पंगत सुरू झाली. बाकीच्यांचं आटोपलं. दिवस बुडाला, शेठनी हात जोडले, तोंड मिटलं, पण जागचे हलले नाहीत. नानांची वाटी अजून अर्धी. तिकडे ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. नानांनी इकडेतिकडे बघितलं आणि उठायला लागले.

व्याह्यांनी शेठच्या पुढून हात लांबवून त्यांचा गुडघा दाबला. "बसा ना व्याही. काय घाई शे? आपन बठ्ठा संगेच उठसूत." सगळे बरोबरच उठू, म्हणाले.

आणि वाढप्याला हाक मारली, "माले आखो एक बट्टी दे रे!"

पोट भरलेला माणूस. तरी खाल्ली.

गॅसबत्त्या लागल्या. नानांनी वाटी निपटली, पंच्याने तोंड पुसलं, उठले. त्यांच्याबरोबर अख्खी पंगत उठली.

पुढे आजूबाजूला कोणी असं ऑपरेशन होऊन घरी आलं, की नाना आणि शेठ त्याच्याकडे जायचे. दीपनगरच्या कॉलनीत गेले, पार शिंदखेड्याकडे गेले. उपदेश नाही, औषध नाही. "जेवायला आलो," एवढंच. त्याच्याशेजारी बसून हळूहळू जेवायचे. शेठ गेल्यावर नाना एकटे जायचे. गेल्या महिन्यापर्यंत.

पुढच्या आठवड्यात भुसावळचा एक जण असंच ऑपरेशन होऊन घरी येतोय. नानांनी मला त्याचं घर समजावून ठेवलंय.

माझा जबडा शाबूत आहे. दातही आहेत. मी त्याच्याशेजारी बसून काय जेवणार?

सकाळपासून हेच डोक्यात फिरतंय.

तरी जाईन.

नाना, नमस्कार. देव तुम्हाला त्याच्या पायाशी ठेवो.