मांडीवरचं लेकरू

जानेवारीतला गुरुवार. उद्या तपासणी, म्हणून फळा धुऊन नवा सुविचार लिहीत होते. मागे वळले, तर चौथीतली मंगल उजव्या हाताने भागाकार करत होती आणि डाव्या हाताने मांडीवर झोपलेल्या धाकट्या भावाला थोपटत होती. तिची आई कांदे काढायला जाते.

मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "बाई, उद्या ते लेकरू वर्गात नको हां. साहेब काय म्हणतील?"

"मग मंगलही यायची नाही, सर."

"एका दिवसाने काय होतंय?"

एक दिवस घरी राहिलेली मुलगी पुढे घरीच राहते, हे मी पुरेसं पाहिलंय. मंगल ऐकत होती. थोपटणं चालू राहिलं, भागाकार थांबला.

माझंही असंच चालतं. तिसरीला पाढे म्हणायला लावून चौथीला गणित समजावायचं, आणि एक कान खिचडीच्या चुलीकडे. पूर्ण लक्ष कुणालाच मिळत नाही. संध्याकाळी जीव थकतो तो त्यानेच.

"मंगल, उद्या दोघंही या," मी म्हटलं.

सकाळी मी घरून गोधडी नेली आणि साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीशेजारी अंथरली.