पाणी मोडू नका

१२ एप्रिल १९५८. धाकट्या जावेबरोबर गोधड्या धुवायला सावित्री नदीच्या डोहावर गेले. महाडचा फोटोवाला नेहमीसारखा पलीकडच्या खडकावर कॅमेरा लावून बसला होता. बगळा आणि त्याचं प्रतिबिंब टिपायला त्याला निवळ पाणी लागतं. मगरीला हुसकायला आम्ही आधी डोहात दगड टाकतो, तर हा हात जोडतो, "वहिनी, पाणी मोडू नका." माणूस गोड बोलतो, म्हणून ऐकायचो.

आज जावेच्या पायाशीच मगर वर आली. मी वेणी धरून तिला मागे खेचलं; मगरीच्या तोंडात गोधडी गेली.

"तुम्हाला दिसली नाय?" मी ओरडले.

"दिसली की, वहिनी. ओरडलो असतो तर फोटो गेला असता."

१३ एप्रिल. सकाळी ओटीत दगड भरून नेले. तो कॅमेरा आवरून जाईपर्यंत एकेक डोहात टाकत राहिले. मग उरलेल्या गोधड्या धुतल्या.