खडूचं ओके

बदनापूर स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याच्या कानामागे कायम खडूचा तुकडा खोचलेला असतो. गाडी दुरुस्त झाली की तो स्वतः रेल्वे फाटकापर्यंत चक्कर मारून येतो आणि मगच टाकीवर ठसठशीत 'ओके' लिहितो. त्याआधी चावी मिळत नाही. कुणी घाई केलीच तर म्हणतो, "जल्दी असंल तर पायी जा."

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा ब्रेक बसवताना त्यानं विचारलं, "सर, हे ओके आलं कुठून?"

मी सांगितलं, अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं थट्टेत 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सगळं बरोबर', हे मुद्दाम चुकीचं 'oll korrect' असं लिहिलं होतं, त्या दोन शब्दांची आद्याक्षरं जगभर पसरली. उस्ताद पाना खाली टाकून हसत सुटला. "म्हंजे बराबर चुकीतूनच निघालं की!" हसत हसतच त्यानं टाकीवर ओके लिहिलं आणि चावी माझ्या हातात दिली.

मी निघालो, पण रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून थांबलो. तेवढ्यात मागून उस्ताद धापा टाकत पळत आला आणि त्यानं ते ओके बाहीनं पुसून टाकलं.

"हसण्याच्या नादात चक्कर मारायची राह्यली, सर. त्यांनी मजाकमधी लिहिलं असंल. आपण न्हाई लिहीत."

मला तिथंच उभं करून तो माझी गाडी घेऊन गेला. परतला तेव्हा त्याच्या तोंडभर हसू होतं आणि टाकीवर नवं ओके होतं.

गाडी धुताना मी अजून तेवढी जागा सोडतो.