राहीबाईंचं गेट

निजामपुऱ्याच्या तोंडाशी आमचं प्रसूतिगृह आहे. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा राहीबाई तिथल्या जुन्या सिस्टर होत्या. कागदोपत्री त्यांचं नाव राहेल वरसुलकर. पण वाडा रोडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायांच्या जिभेला ते वळेना, म्हणून त्यांनी राहीबाई केलं, आणि पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले. मी अंबाडीची, कुणब्याची मेघाली. पहिल्या दिवशी मला त्या ख्रिस्ती वाटल्या. तसं मी बोलूनही दाखवलं.

"ख्रिस्ती न्हाय गं, इस्राएल," त्या हसून म्हणाल्या. "ज्यू म्हणतात ना, ते. आमचे वाडवडील कुलाबा जिल्ह्यात तेल गाळायचे. शनिवारी काम वर्ज्य, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी शनवार तेली म्हणायचे."

शनिवारची ड्युटी त्या माझ्याशी बदलून घ्यायच्या आणि माझा रविवार स्वतः करायच्या. पण एकदा शनिवारीच एका कातकरी बाईचं बाळ आडवं आलं. डॉक्टर ठाण्याच्या रस्त्यात अडकलेले. मी घाबरून माणूस पाठवला, तर राहीबाई चपला घालून पाठोपाठ हजर. सगळं सुखरूप पार पडल्यावर मी म्हटलं, "तुमचा शनिवार मोडला की."

"जीव वाचवताना शनिवार मोडत नाही. आमच्या रब्बींनी फार जुन्या काळी ठरवून ठेवलंय ते."

"रब्बी म्हणजे तुमचे भटजी?"

"न्हाय. प्रार्थना सांगायला हझ्झान असतो. रब्बी म्हणजे शास्त्र शिकलेला माणूस. काही अडलं तर निवाडा देणारा." मग हात पुसता पुसता म्हणाल्या, "आमच्या लोकांत इथे पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हताच. जे अडलं ते अडूनच राहिलं."

त्यांचं स्वतःचं काय अडलं होतं, ते मला हळूहळू कळलं.

लग्नानंतर तीन-चार वर्षांत त्यांचा नवरा शिमशोन इस्राएलला गेला. त्यांच्यातले पुष्कळ लोक तिकडे जाऊन राहिलेत. घर मिळालं की दोघींना बोलावतो, असं तो सांगून गेला. दोघी म्हणजे बायको आणि आई. सुरुवातीला फोन यायचे. मग सणासुदीला यायला लागले, मग बंद पडले. तिकडे त्याने दुसरा घरोबा केला, अशी कुणकुण आली. राहीबाईंनी कोर्टात जाऊन घटस्फोट घेतला. पण सासू, रिबकाबाई, त्यांच्याजवळच राहिली. भिवंडीतली त्यांच्या लोकांची बाकीची घरं एकेक करून ठाण्याला नाहीतर परदेशी गेली होती. या दोघी मात्र दोन खोल्यांत एकत्र. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायचे, एकमेकींशी भांडायचं, आणि परत एका ताटात जेवायचं.

मग मेनाशे आले. हे मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये इलेक्ट्रिशियन, ठाण्याला राहणारे, त्यांच्यातलेच. बायको वारलेली. रिबकाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठाण्यात झालं तेव्हा सिनेगॉगवाल्यांनी, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरातल्या लोकांनी, त्यांना मदतीला दिलं होतं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तरी मेनाशेंचं येणं काही थांबलं नाही. कधी पंखा दुरुस्त कर, कधी नळाचा वायसर बदल. रिबकाबाईंनाच आधी कळलं. मला म्हणाल्या, "घरातला एकेक दिवा दोनदा दुरुस्त करून झाला. आता हा बोलणार कधी?"

ते बोलले, पण राहीबाईंशी नाही. सिनेगॉगचे म्हातारे हझ्झान एझ्राकाका यांच्याकडून त्यांनी रीतसर मागणी घातली. राहीबाईंना मेनाशे आवडत होते, हे मला त्यांच्या कपाळावरच्या आठीवरून कळायचं. ते आले की ती नाहीशी व्हायची. तरी त्या नाही म्हणाल्या.

एझ्राकाका समजवायला भिवंडीला आले, तेव्हा मी तिथेच होते.

"कोर्टाचा कागद आहे ना? मी लावतो लग्न," ते म्हणाले. "आपल्या आज्या-पणज्यांना कुठे रब्बी विचारायला होते?"

"काका, मला गेट मिळालेलं नाही."

मला वाटलं फाटकाबद्दल काही चाललंय. मग कळलं की त्यांच्या धर्मात नवऱ्याने स्वखुशीने सोडचिठ्ठी लिहून बायकोच्या हातात द्यावी लागते. तिला गेट म्हणतात. ते मिळेपर्यंत, कोर्ट काहीही म्हणो, ती बाई त्याचीच.

"कोण विचारतंय गेट?" काका म्हणाले.

"माझं मूल विचारेल," राहीबाई म्हणाल्या. "माझं वय अजून गेलेलं नाही. गेटाशिवाय लग्न केलं आणि मूल झालं, तर त्याच्यावर डाग. मोठं होऊन त्याला आपल्यात लग्न करता येणार नाही. मी रोज लोकांची मुलं हातात घेते, काका. डोळ्यांदेखत डाग लावून मूल आणू?"

काकांनी कप खाली ठेवला. चहा निवून गेला.

त्याच सुमारास मुंबईत एक तरुण रब्बी आला होता, रब्बी एलाझार. जन्मला वाढला इस्राएलमध्ये, पण आजी पनवेलची, त्यामुळे मराठी बोलायचा. तुटकं, जुन्या वळणाचं आणि गोड. रविवारी ठाण्याला मुलांना शिकवायला यायचा. राहीबाईंनी मला सोबत नेलं.

दाढीवाला कोणी गंभीर म्हातारा असेल असं मला वाटलं होतं. हा तर आमच्या सागरच्या, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, मी तुम्हाला मोकळं करू शकत नाही. कुठलाच रब्बी करू शकत नाही. तो अधिकार नवऱ्याचा."

"मग तुम्ही कशाला आहात?" मीच मध्ये बोलले.

तो रागावला नाही. मागच्या कपाटाकडे हात करून म्हणाला, "ही पुस्तकं बघा. यात अर्धी निव्वळ पत्रं आहेत. एका गावच्या रब्बीने दुसऱ्या गावच्या रब्बीला लिहिलेली. नवरा समुद्रात गेला, प्रेत सापडलं नाही, बाईने काय करावं? नवरा लढाईतून आला नाही, एकाने त्याची फक्त टोपी पाहिली, तेवढं पुरे का? अशा बाईला आम्ही अगुना म्हणतो. नांगर टाकलेल्या तारवासारखी, पाण्यात असून हलता येत नाही. हजार वर्षं रब्बी एकेका बाईसाठी जागे राहिले, फट शोधत. कधी सापडली, कधी नाही. तुमची बाब त्यामानाने सोपी. तुमचा नवरा जिवंत आहे. त्याला शोधायचं आणि राजी करायचं. एवढंच माझं काम."

बाहेर येऊन राहीबाईंनी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त माझ्याच कपाळी आलं."

रब्बीने तिकडच्या धर्मकोर्टाला लिहिलं. शिमशोन सापडला, दक्षिणेकडच्या एका गावात. कोर्टाने बोलावलं तेव्हा गेलाही. देईन म्हणाला, पण आत्ता नाही. पुढच्या वेळी तेच. वर्ष निघून गेलं. मेनाशे येत राहिले, पण आता उंबऱ्याबाहेर बसायचे. लोकांनी राहीबाईंना नावं ठेवू नयेत म्हणून.

शेवटी रब्बी स्वतः भिवंडीला आला. त्याला शिमशोनच्या आईशी बोलायचं होतं. राहीबाईंनी त्याला आधीच सावध केलं होतं, कारण रिबकाबाईंपुढे रब्बीचं नावही काढायची सोय नव्हती. त्यालाही कारण होतं. साठ वर्षांपूर्वी तिकडच्या रब्बींनी या लोकांची लग्नं लावायला खळखळ केली होती. तुमच्याकडे रब्बी नव्हते, मग तुमच्या पूर्वजांची लग्नं-काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले कशावरून, असं म्हणत. रिबकाबाईंच्या तिकडे गेलेल्या थोरल्या भावाचं लग्न त्यात मोडलं होतं. पुढे निदर्शनं होऊन तो वाद मिटला, पण म्हातारीच्या मनातून तो गेला नव्हता.

रब्बी दारात उभा, आणि म्हातारीने बसही म्हटलं नाही.

"माझ्या भावाला तुम्ही विचारलंत, तुझ्या पणजीचा कागद दाखव. आमच्या पणजीला लिहिता येत नव्हतं रे. पण शमाची प्रार्थना म्हणता येत होती. शनिवार पाळता येत होता. कोणी रब्बी नसताना आम्ही धर्म राखला, आणि तुम्ही आम्हालाच विचारता तुम्ही कोण?"

रब्बी तसाच उभा राहिला. "आजी, तेव्हा आमच्या लोकांनी चूक केली. माझ्या आजीलाही तेच विचारलं होतं."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुठली तुझी आजी?"

"पनवेलची."

"मग बस. उभा का?"

त्याला केळी दिली, त्याच्या खाण्यापिण्याच्या नियमांत बसेल असा बिनदुधाचा चहा दिला. मग रब्बीने कामाचं सांगितलं. शिमशोन आईचं ऐकेल असं त्याला वाटत होतं. पण एक अट होती. "धमकी नको, शाप नको. जबरदस्तीने दिलेलं गेट फुकट जातं. त्याच्या मनातून यायला हवं."

राहीबाईंनी मोबाईलवर शिमशोनला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराशी होते. कैक वर्षांनी आईने मुलाचं तोंड पाहिलं. केस गेलेले, गाल बसलेले. आधी दोघं नुसती रडली.

"जेवतोस ना वेळेवर?" हे तिचं पहिलं वाक्य. मग म्हणाली, "शिमशोन, राहेलला का अडकवून ठेवलीस? मी रागावत नाही. मला समजून सांग."

तो खाली बघून म्हणाला, "मी इथे एकीबरोबर राहतो, आई. एक मुलगा आहे."

"देव त्याला सुखी ठेवो. मग?"

"गेट दिलं तर राहेल लग्न करून जाईल. तुला कोण बघेल? मला तर यायला जमत नाही. ती बांधलेली आहे तोवर तू एकटी नाहीस."

स्वयंपाकघरात पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. रब्बीने मान खाली घातली होती.

"म्हणजे माझ्यापायी?" म्हातारी म्हणाली. "अरे, तुला वाटलं ती दाव्याला बांधलीय म्हणून मला सांभाळते? कोर्टाचा कागद हातात पडला त्या दिवशीच तिला जाता आलं असतं. ती राहिली ती तिच्या मनाने. तू दावं धरून ठेवलंस आणि तुझ्या मनाशी समजलास, आईची सोय केली." तिचा आवाज चढला. रब्बीने हळूच हात केला, तशी ती थांबली. पदराने डोळे पुसून म्हणाली, "मी जबरदस्ती करत न्हाय, बाळा. पण माझ्या नावावर हे ठेवू नकोस. मला हे ओझं घेऊन जायचं नाही."

तो म्हणाला, "तिला बोलव."

राहीबाई पुढे आल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आईंना मी सोडणार नाही," राहीबाई म्हणाल्या. "पण हे तू गेट द्यावंस म्हणून सांगत नाही. तू दे, नको देऊ, त्या माझ्याजवळच राहतील."

"देतो," शिमशोन म्हणाला. "या आठवड्यात धर्मकोर्टात जातो."

मग रब्बीने वही काढली. गेटमध्ये दोघांची सगळी नावं लागतात, चारचौघांत हाक मारतात तीसुद्धा, म्हणजे कोणाला शंका राहायला नको. आणि गाव कोणत्या पाण्यावर वसलंय तेही लिहायचं.

"भिवंडी कुठल्या नदीवर?" त्याने विचारलं.

"कामवारी," रिबकाबाई म्हणाल्या. "आता काय राहिलंय तिच्यात. पण लिही. नदी ती नदीच."

गेट आलं ते इस्राएलहून निघालेल्या एका माणसाच्या हाती. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये तीन जण पंच म्हणून बसले, मध्ये रब्बी एलाझार. मी आणि रिबकाबाई मागच्या बाकावर. राहीबाईंना अंगठी काढून दोन्ही तळहात ओंजळीसारखे जोडायला सांगितलं. त्या माणसाने घडी केलेलं चर्मपत्र ओंजळीत सोडलं आणि मोठ्याने म्हणाला, शिमशोनच्या वतीने, हे तुझं गेट, आजपासून तू मोकळी. राहीबाईंनी मुठी मिटल्या, गेट काखेत धरलं, आणि सांगितल्याप्रमाणे दारापर्यंत चालत जाऊन परत आल्या.

मला वाटलं होतं त्या हसतील. पण त्या रडल्या, तेही मोठ्याने. मेनाशे अंगणात उभे होते, त्यांनाही ऐकू गेलं असेल. पण ते आत आले नाहीत.

"लग्नात आम्ही दोघं याच दारातून आलो होतो," त्या मला नंतर म्हणाल्या. "ते लग्न संपल्याचंही रडायचं राहिलं होतं."

मग शास्त्रात सांगितलंय म्हणून तीन महिने थांबल्या आणि लग्न झालं. हातांना मेंदी लावली रिबकाबाईंनी, इकडची तिकडे करत. एझ्राकाकांनी प्रार्थना म्हटली, रब्बी शेजारी उभा. राहीबाई भिवंडी सोडून गेल्या नाहीत. मेनाशेच ठाण्याहून आले, म्हणाले, मानकोली इथून जवळ पडतं. म्हातारीने ते खरं मानल्याचं दाखवलं.

मूल मात्र झालं नाही. एकदा ड्युटी संपल्यावर मी भीत भीत विचारलं, "एवढं थांबलात ते मुलासाठी. वाईट वाटत नाही?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "पण आलं असतं तर ते मोकळं आलं असतं, एवढं मी केलं होतं. न येणं माझ्या हातात नव्हतं."

गेल्या महिन्यात रब्बी एलाझारचा फोन आला. पेणकडची त्यांच्यातलीच एक पोरगी, नवरा कॅनडात, दोन वर्षं पत्ता नाही. धर्मकोर्टाचं नाव काढलं की घाबरते, पुरुषांसमोर तोंड उघडत नाही. कोणी बाई सोबत गेली तर बरं, तो म्हणत होता. राहीबाईंनी माझ्याशी दोन दिवसांची ड्युटी बदलून घेतली, रिबकाबाईंच्या गोळ्या मेनाशेंना समजावून दिल्या, आणि सकाळच्या एसटीने पेणला गेल्या.