मराठी पहिलीच्या पटावर एकच मुलगी

त्या वर्षी कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या आमच्या शाळेत मराठी पहिलीच्या पटावर एकच नाव लागलं. मुलगी धनगराच्या घरातली. आज्यापर्यंत मेंढरं होती, बाप आता मजुरीला जायचा. व्हरांड्याच्या पलीकडं कन्नड पहिली भरायची, तिथं बावीस मुलं. माझ्या खोलीत ती आणि मी.

उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की अक्षराचं नाव घोकून घ्यायचं नाही, त्याच्या आवाजाशी मुलांना खेळू द्यायचं. मुलांच्या गळ्यात अक्षरांची कार्डं अडकवायची, त्यांनी आपापला आवाज काढत जवळ यायचं, आवाज जुळले की शब्द. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढली. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि लेक पुण्याला, त्यामुळं घरी वेळ भरपूर होता. संध्याकाळी पत्रिका कापता कापता एकेक आवाज काढून बघायचे. भिंतीपलीकडच्या बाईंनी एकदा विचारलंही, कुणाशी बोलता म्हणून.

शाळेत खेळायला बसलो तर माणसं कमी पडली. 'म' तिच्या गळ्यात, 'ग' माझ्या, आणि 'र' खुर्चीच्या पाठीला बांधला. आम्ही दोघी आवाज काढत खुर्चीपाशी गेलो आणि थांबलो.

"बाई, खुर्ची कामून बोलत न्हाई?"

"तिचा आवाज तूच काढ."

तिनं काढला. 'मगर' झाली. मी टाळ्या वाजवल्या. त्या रिकाम्या खोलीत फार मोठ्या वाटल्या, म्हणून लगेच थांबवल्या.

दिवाळीपर्यंत ती तीन आवाज जोडून शब्द वाचू लागली. पण खेळायची ते सांगितलेलं काम केल्यासारखं. सुट्टी झाली की पलीकडच्या दारात जाऊन उभी राहायची. मला ते बघवेना. कन्नड पहिलीच्या शिक्षिकेला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्यांना म्हटलं, "अक्का, शनिवारी अर्धा तास पाच-सहा लेकरं द्या मला."

अक्कांनी सगळीच पाठवली. त्यातली निम्मी घरात मराठीच बोलणारी. मी अर्ध्यांना 'ब' दिला, अर्ध्यांना 'स'. दोन्ही घोळके आवाज करत एकमेकांवर आदळले, 'बस' झाली, आणि एकमेकांचे सदरे धरून ती बस अंगणभर फिरली. माझी मुलगी सगळ्यात पुढं, ड्रायव्हर. तिचा आवाज फाटकापर्यंत जात होता. इतकं मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मग दर शनिवारी तेच. महिन्याभरानं एका सकाळी तिचा बाप तिला घेऊन दारात उभा.

"बाई, हिला पलीकडं बसवावं म्हणतो."

"का? चांगली शिकतेय की."

"शिकायलीय, व्हय. तुमचं कायबी चुकलं न्हाई. पर हितं एकलीच हाय लेकरू. शनवारचा खेळ झाला की दोन दिस घरात तेच सांगत बसती."

मी तिच्याकडं वळले. "तुला जायचंय?"

तिनं मान खाली घातली. "व्हय." मग, "तुमी बी चला की बाई."

बाप हसला. मीही हसले आणि अर्जावर सही केली.

मराठी पहिली बंद झाली. मुख्याध्यापकांनी मला चौथी-पाचवीच्या मदतीला दिलं. एकदा कसलासा कागद द्यायला मी अक्कांच्या वर्गात गेले. ती उभी राहून कन्नड धडा वाचत होती. शब्दाचे आवाज सुटे करायचे आणि हळूहळू जवळ आणायचे, पद्धत माझीच. एका अक्षरावर अडली. मी दारातच होते, पण तिनं वर बघितलं ते अक्कांकडं. बरोबरच होतं, ते अक्षर मलाही नीट येत नव्हतं. कागद टेबलावर ठेवून मी बाहेर आले.

पुढच्या वर्षी माझी बदली मादन हिप्परग्याला झाली. तिथं पहिलीत अकरा मुलं आहेत आणि खेळ रंगतो. घरी आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून लेकीला फोन लावते. ती कामात असते, नंतर करते म्हणते.